घरीच आहेस ना?

घरून काम करताना प्रॉडक्टिव्ह कसं राहावं, यावर २०२० पासून इतकं लिहून आलंय की नुसतं ते सगळं वाचायला घेतलं तरी एक आख्खा स्प्रिंट वाया जाईल. सल्ले ठरलेले. सकाळी ऑफिसला निघाल्यासारखी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घाला. वेगळी खोली ठेवा. दार लावून घ्या. पंचवीस मिनिटांचा टायमर लावा, मग पाच मिनिटं उठा. (हे टायमर प्रकरण फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन गृहस्थाचं, १९८० च्या दशकाच्या अखेरीचं. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेऊन तो अभ्यासाला बसायचा, म्हणून 'पोमोडोरो'.) टेबलावर एक कुंडी ठेवा. कुंडीने नक्की काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण प्रत्येक लेखात ती असतेच.

सल्ले वाईट नाहीत हो. फक्त ते लिहिणाऱ्याच्या घरात दोन माणसं, तीन दारं आणि चोवीस तास वीज असते. माझं घर नंदुरबारला आहे. घरात आम्ही सात जण. आणि आमच्याकडे दिवसाढवळ्या खोलीचं दार आतून लावलेलं असलं तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक, कोणीतरी आजारी आहे. दोन, कोणीतरी भांडलंय. दोन्ही बाबतीत लोक दार वाजवून चौकशी करतात. म्हणजे दार लावल्याने डिस्टर्बन्स वाढतो!

२०१९ मध्ये शिरपूरहून इंजिनिअरिंग करून मी पुण्याला लागलो. आठ महिने हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काढले, आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर एक बॅग आणि कंपनीचा लॅपटॉप घेऊन घरी आलो. पंधरा दिवसांसाठी! त्यानंतरचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. सध्या माझं महिन्यातले दोन आठवडे पुणे आणि दोन आठवडे नंदुरबार असं चालतं. ही सवलत दर सहा महिन्यांनी नव्याने मागावी लागते, आणि दर वेळी समोरून एकच प्रश्न येतो: "बट व्हॉट अबाउट प्रॉडक्टिव्हिटी?" त्यामुळे हा विषय माझ्यासाठी सेल्फ-हेल्पचा नाही. आईवडिलांजवळ राहायला मिळणार की नाही, हे त्याच्यावर ठरतं.

तर आधी आकड्यांकडे बघू. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.)

घरून काम या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या 'सीट्रिप' या ट्रॅव्हल कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरवर केला, २०१०-११ मध्ये. म्हणजे कोविडच्या बरंच आधी. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के वाढली. हा आकडा आमच्यासारखे लोक ताबीज बांधल्यासारखा गळ्यात घालून फिरतात. पण त्या प्रयोगात भाग घ्यायच्या अटी कोणी सांगत नाही. घरी स्वतंत्र खोली हवी, ब्रॉडबँड हवं, कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत, आणि आठवड्यातला एक दिवस ऑफिसला यायचंच. शिवाय ते १३ टक्के आले कुठून? त्यातले ९ टक्के होते जास्त मिनिटं काम केल्यामुळे (ब्रेक आणि सुट्ट्या कमी घेतल्या), आणि जेमतेम ४ टक्के त्याच मिनिटात जास्त काम उरकल्यामुळे. आणि प्रयोग संपल्यावर "आता काय हवं ते निवडा" म्हटलं, तर त्यातले निम्मे लोक ऑफिसात परत गेले. एकटेपणा हे त्याचं एक मोठं कारण होतं.

दुसऱ्या बाजूला, चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर माणसं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना घरी आणि काहींना ऑफिसात बसवलं. हा अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथे घरून काम करणारे १८ टक्क्यांनी मागे पडले. आणि एका मोठ्या आयटी कंपनीतल्या १० हजारांहून जास्त लोकांच्या कोविडकाळातल्या नोंदी तपासल्या (हाही अभ्यास २०२३ मध्ये छापून आला), तर दिसलं की लोक जास्त तास बसले, काम मात्र किंचित कमीच झालं, म्हणजे ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्के घसरली. कारण? मीटिंगा वाढल्या आणि सलग कामाचे तास आटले. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, यांनी माझं कॅलेंडर कुठे पाहिलं?

म्हणजे एकीकडे अधिक १३, दुसरीकडे उणे १८. दोन्ही खरं. "घरून काम चांगलं की वाईट" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणतं काम, हे विचारलं पाहिजे. आणि त्याहून आधी कोणाचं घर, हे विचारलं पाहिजे.

आता माझंच घर घ्या. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली आहे. वेगळी, शांत, रेंज फुल्ल. पण एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की त्या खोलीत पापड भाजून निघतात. खाली आमचं जुनं धाब्याचं घर आहे, हातभर जाड मातीच्या भिंती, माळवदाखाली मधली खोली, जिथे आजी धान्याच्या कोठ्या ठेवायची. बाहेर आग लागलेली असताना तिथे पंख्यावर काम होतं. पण त्याच भिंतींतून मोबाइलची रेंज आत येत नाही! गारवा हवा की नेटवर्क, असा पेच. शेवटी ओट्यावरच्या राउटरपासून आत वायर ओढली, राउटरला एक छोटा यूपीएस लावला, आणि सगळ्यांनी "भिंतीला भोक कशाला पाडतो" म्हणून बोलून घेतलं. माझ्या करिअरमधला सगळ्यात चांगला प्रॉडक्टिव्हिटी हॅक म्हणाल तर ते भोक.

दुसरी गोष्ट वेळेची. नऊ ते सहा ही वेळ एसीत बसणाऱ्यांनी ठरवलेली आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतावर जाणारा माणूस उजाडायच्या आत निघतो, अकराला परत येतो, आणि ऊन उतरल्यावर परत जातो. त्याला कोणी टाइम मॅनेजमेंट शिकवलेलं नसतं. मी तेच उचललं. सकाळी सहा ते साडेनऊ सलग कोड. तेव्हा लाईट सहसा जात नाही, पुण्याची टीम झोपलेली असते, आणि गल्लीत दूधवाला सोडून कोणी नसतं. दहाला स्टँडअप. पुढे जेवणापर्यंत मीटिंगा आणि रिव्ह्यू, म्हणजे डोकं कमी लागणारी कामं. दुपारी लाईट गेली तर गेली. चार ते सात परत. या साडेतीन तासांत होणारं काम पुण्याच्या ऑफिसात मला दिवसभरात जमत नाही, हे मी माझ्या टिकिटांवरून दाखवू शकतो. (थंडीत एकच अडचण असते. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, वारा आपल्या दिशेने फिरला की ठसका लागतो, आणि स्टँडअपमध्ये सगळे "टेक केअर, टेक रेस्ट" म्हणतात. नंदुरबारची मिरची त्यांना कशी समजावणार...)

पण खरा डोंगर माणसांचा आहे.

आमच्याकडे काम म्हणजे घराबाहेर जाऊन, अंग हलवून, दुसऱ्याला दिसेल असं करायची गोष्ट. घरी बसलेला माणूस हा सुट्टीवरचा, आजारी किंवा बेकार. पहिलं वर्षभर ओट्यावरून जाणारे काका विचारायचे, "काय भो, सुटी शे का?" मग सुटी फारच लांबली तसा सूर बदलला, "पुनाले कव्हय जाशी?" त्यांच्या डोळ्यांत माझी नोकरी गेलेली होती. आणि घरच्यांचा परवलीचा शब्द: "घरीच आहेस ना?" घरीच आहेस ना, गॅसवाला येईल तर घे. घरीच आहेस ना, मावशीला स्टेशनवर सोडून ये. घरीच आहेस ना, बँकेत पासबुक भरून आण.

आणि फॉर्म! गल्लीत एक लॅपटॉपवाला घरी बसलाय म्हटल्यावर तो आपोआप सेतू केंद्र होतो. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, पीएम किसानची केवायसी, जात पडताळणी, कोणाच्या पोराचा सीईटीचा फॉर्म. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा 'नारीशक्ती दूत' ॲपवर फॉर्म भरायला आमच्या ओट्यावर अक्षरशः रांग होती. ओटीपी येईना, फोटो अपलोड होईना, आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं. गंमत बघा, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. डिजिटल भारताची सुरुवात जिथून झाली तिथे अजून ओटीपीसाठी माणसं फोन उंच धरून उभी असतात.

प्रॉडक्टिव्हिटीचे लेख याला 'डिस्ट्रॅक्शन' म्हणतात, आणि 'नाही म्हणायला शिका' असं सांगतात. मला ते पटत नाही. त्या बाईच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांचा फॉर्म आणि माझ्या कंपनीचा एखादा बटणाचा रंग बदलायचा टिकिट, यातलं महत्त्वाचं काम कोणतं हे मला कोणी शिकवायला नको. पण दोन्ही एकाच वेळी होत नाहीत हेही खरं. मग वेळ बांधली: संध्याकाळी सात ते आठ आणि शनिवारी सकाळी. ओट्यावर पुठ्ठ्यावर लिहून लावलं. लोकांनी ते इतक्या सहज पाळलं की मीच चकित झालो. डॉक्टरची, रेशन दुकानाची, बँकेची वेळ असते तशी याचीही आहे, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. वेळेचा बोर्ड लागला आणि मी सुट्टीवरचा राहिलो नाही, कामावरचा झालो.

आता इथे एक हिशेब मांडायचा राहतो, आणि तो कोणत्याच अभ्यासात नसतो. सकाळी सहा ते साडेनऊ मी सलग काम करतो म्हणजे काय होतं? दाराशी येणाऱ्याला आई थोपवते. साडेसातला चहा न मागता टेबलावर येतो. वहिनी पोरांना आवाज न करता शाळेत धाडते. माझी जी काही प्रॉडक्टिव्हिटी आहे, तिच्यातला मोठा वाटा या दोघींच्या नावावर निघेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत होतं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते. आणि पुरुष, जे कोणी करतात ते, ९७ मिनिटं. आमच्या टीममधली एक मैत्रीण जळगावहून काम करते. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं हे मी लिहून देतो. पण "घरीच आहेस ना" हे वाक्य माझ्या वाट्याला गॅस सिलिंडर बनून येतं, तर तिच्या वाट्याला दोन वेळचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं आणि तीन वर्षांचा मुलगा बनून येतं. तिचे सलग तास रात्री अकरानंतर सुरू होतात. तिला टायमर आणि कुंडीचा सल्ला देणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे.

मग घरून काम होतच नाही का? होतं. आणि महाराष्ट्रात ते झूमच्या फार आधीपासून होतंय. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली, ते आजचं लिज्जत. त्यांची पद्धत बघा. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घ्यायचं, घरी जाऊन आपल्या सवडीने लाटायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे. तिथे वजन होतं, पापड तपासला जातो, लाटणावळ मिळते. नवं पीठ घेऊन बाई घरी. ती दुपारी झोपली की टीव्ही बघत लाटत होती, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. तिच्या डोक्यावर कॅमेरा नाही. पण पापड जाड झाला तर तो कोणी चालवून घेत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर कामाचा तुकडा स्पष्ट, 'झालं' म्हणजे काय ते स्पष्ट, तपासणी रोजची, आणि पीठ संपलं की दिवस संपला. हे शेवटचं आमच्याकडे कुठे आहे? सॉफ्टवेअरमध्ये पीठ संपतच नाही!

याच्या उलट आपल्या इंडस्ट्रीने काय केलं? हिरवा ठिपका पकडला. चॅटवर नावापुढे हिरवा ठिपका म्हणजे माणूस काम करतोय. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पाहणी केली, तर ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही प्रॉडक्टिव्ह आहोत, आणि आपली टीम प्रॉडक्टिव्ह आहे असा पूर्ण भरवसा असलेले साहेब निघाले फक्त १२ टक्के. मधल्या दरीत काय वाढलं? माउस हलवत ठेवणारी यंत्रं. २०२४ मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केल्याच्या आरोपावरून डझनभराहून जास्त लोकांना काढलं, ती बातमी आठवत असेल. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टवर (नाव नको) दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर होतं. त्या तीन महिन्यांत टीमने सगळ्यात जास्त हिरवे ठिपके दिले आणि रिलीज दोनदा पुढे गेली. कागदावर विचार करणारा माणूस त्या सॉफ्टवेअरला रिकामटेकडा दिसायचा. आमचे ओट्यावरचे काका आणि ते सॉफ्टवेअर यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दोघांनाही अंग हलताना दिसायला हवं.

अर्थात ऑफिसचं काहीच नको, असं माझं म्हणणं नाही. पहिल्या आठ महिन्यांत मी जे शिकलो ते शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरकडून. तो नुसता उसासा टाकायचा आणि मला कळायचं की माझा कोड वाचतोय. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सवर अभ्यास झालाय. टीमच्या जवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या, आणि त्याचा फायदा नवख्यांना जास्त होत होता. शिकवणाऱ्या सीनियर मंडळींचं स्वतःचं काम मात्र त्यात थोडं मागे पडायचं. २०२०-२१ मध्ये घरूनच जॉइन झालेली पोरं मी पाहिली आहेत. हुशार, पण "हा प्रश्न विचारू की नको" यातच त्यांचे दिवस जायचे. त्यामुळे माझं मत असं की पहिली दोन वर्षं ऑफिसातच जावं, रडत का होईना. त्यानंतर मात्र हाताला काम माहीत झालेल्या माणसाला खुर्चीला बांधून काही मिळत नाही. ब्लूम यांचाच २०२४ मध्ये 'नेचर' मध्ये आलेला अभ्यास, त्याच चिनी कंपनीतल्या १,६१२ लोकांवरचा, हेच सांगतो: आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरीत फरक पडला नाही, पण नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले.

कंपन्यांचं धोरण मात्र आकड्यांपेक्षा हवेवर चालतं. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात यायची गरज पडणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनीच आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सुरू केलं. आणि सरकारचं उलट झालं. कॉल सेंटर-बीपीओवाल्यांना घरून काम द्यायला दूरसंचार खात्याच्या जाचक अटी होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नियमच सोपे केले. म्हणजे परवानगी देणाऱ्याने परवानगी दिली, आणि मागणाऱ्याने विचार बदलला.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या मित्रांना 'सोयीचा प्रश्न' वाटतं. फार तर ट्रॅफिक वाचतं. आमच्याकडे तसं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात राज्यातला सगळ्यात गरीब जिल्हा म्हणून नंदुरबारचं नाव होतं. ऊसतोडीला माणसं गुजरातेत जातात, शिकलेली पुण्याला जातात. एक इंजिनिअर महिन्यातले पंधरा दिवस इथे राहिला तर जिल्हा श्रीमंत होत नाही, ही जाणीव मला आहे. आणि ज्यांचं काम घरून होतच नाही अशी माणसं इथे जास्त आहेत. मी मधल्या खोलीत 'कॅन यू हिअर मी' करत होतो त्याच २०२० मध्ये अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत अठरा किलोमीटरवरच्या पाड्यांवर बाळांची वजनं करायला जात होत्या, कारण कोविडच्या भीतीने बाया अंगणवाडीत यायच्या थांबल्या होत्या. प्रॉडक्टिव्हिटी हा शब्द मी तेव्हापासून जरा जपून वापरतो.

पण ओट्यावर फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांपैकी दोघं आता कोडिंग शिकतायत. त्यांनी कधी हिंजवडी पाहिलेली नाही, सॉफ्टवेअरवाला माणूस मात्र पाहिलाय, बनियनवर, मधल्या खोलीत. त्यातली एक यंदा इंजिनिअर झाली. तिला दोन ऑफर आहेत, एक पुण्याची ऑफिसवाली आणि एक पूर्ण रिमोट, रिमोटला पगार थोडा जास्त. गेल्या शनिवारी आईला घेऊन आली होती. मी पुण्याची घे म्हटलं. तिच्या आईला ते आवडलं नाही, "इथं राहून होतंय तर कशाला धाडायचं?" मी त्यांना लिज्जतचंच उदाहरण दिलं, की पापड लाटायला आधी कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावं लागतं. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि पापड चांगले होतात. पुढचा अर्धा तास मी वाद घालत होतो. पोरगी मुकाट्याने पुण्यातल्या हॉस्टेलांचे रेट बघत होती.